दाराची आठवी वाट

१

बुधवारी सकाळी सात वाजता डॉ. भारत खैरनारांनी दोन नंबरच्या पेटीचं झाकण उचललं आणि ते हातातच धरून उभे राहिले. आत एकही माशी हलत नव्हती. चौकटींच्या फटींत आणि पेटीच्या तळाशी मेलेल्या मधमाश्यांचा थर साचला होता. त्यांनी एक नंबरची पेटी उघडली, तिथे तेच. तीन नंबरलाही तेच. बांधावर ओळीने मांडलेल्या चार पेट्यांपैकी फक्त शेवटची जिवंत होती. तिच्या दारातून माश्या रोजच्यासारख्या समोरच्या फुलांवर निघाल्या होत्या.

एका पेटीत दहा हजार धरल्या तरी तीस हजार जीव गेले होते. पोलिसांत जायची सोय नव्हती. हवालदाराने आधी मयताचं नाव विचारलं असतं.

साल शहाण्णव, फेब्रुवारीचा मध्य. मखमलाबादच्या पुढच्या त्या शिवारात कांद्याच्या बियाण्यासाठी लावलेले डोंगळे फुलले होते. माश्या दिवसाला किती फेऱ्या मारतात आणि त्यामुळे कांद्याचं बी किती जास्त भरतं, हे कृषी संशोधन केंद्रातले खैरनार तीन वर्षं मोजत होते. हे शेवटचं वर्ष. त्यासाठी शिवारातल्या अकरा शेतकऱ्यांनी मारुतीच्या पारावर हात वर करून शब्द दिला होता की फुलोरा असेपर्यंत कोणी विषारी फवारणी करणार नाही. कागद नव्हता, सही नव्हती. दोन वर्षं तो शब्द कोणी मोडला नव्हता.

खैरनार हुशार माणूस, पण राग आला की हुशारी दोन पावलं मागे राहायची. शेजारच्या शेताच्या गोटीराम काठेंना, ज्यांना सगळे नाना म्हणत, मंगळवारी सकाळी साडेसात वाजता पाठीवर पंप घेऊन कोबीत फिरताना खैरनारांनी स्वतः पाहिलं होतं. तेवढं पुरे झालं. बांधावर जमलेल्या पाच-सहा माणसांसमोर त्यांनी मोठ्या आवाजात सांगून टाकलं, "नानांनी शब्द मोडला."

दुपारपर्यंत ते वाक्य सगळ्या शिवारात फिरून आलं. नानांनीच मोडला तर आपण का पाळायचा, असं म्हणत रावजी मौलेंनी गोठ्यातून पंप काढून धुवायला घेतला. शुक्रवारी संध्याकाळी पारावर बसायचं ठरलं. तिथे शब्द सुटला असता तर शनिवारी अकरा पंप चालले असते. तीन वर्षांचं काम आणि चौथी पेटी, दोन्ही त्याच दिवशी संपलं असतं.

बारा वाजता साधना विधाते आपल्या लुनावरून आली. खैरनार तिला मेलेल्या माश्या दाखवायला निघाले, पण ती दोन नंबरच्या पेटीच्या दारापाशी वाकली आणि तिथेच थांबली. मग तिने हात मागे घेत सांगितलं की या दारावरच्या आकड्याला कोणी हात लावू नका.

२

दोन नंबरच्या पेटीचं दार साधनाने बनवलं होतं, आणि त्या दाराची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

साधना शहरात द्वारकेच्या चौकामागे, ट्रान्सपोर्टच्या दोन ऑफिसांच्या मधल्या शेडमध्ये वस्तू बनवायची. अहमदाबादला डिझाइन शिकलेली मुलगी कंपनीत मिक्सरची भांडी आखायची सोडून शेडमध्ये काय करते, हे तिच्या घरच्यांना नीटसं कळलं नव्हतं. खैरनारांनी तिला माश्या मोजणारं दार करून द्या म्हटलं तेव्हा त्यांना वाटलं होतं की महिन्याभरात एक यंत्र मिळेल. मिळाली नऊ दारं, एकामागून एक, आणि त्यातली आठ बाद.

पहिलं दार तिने रसवंतीच्या प्लॅस्टिकच्या नळ्यांचं केलं. माश्या आत शिरेनात, बाहेर घोस करून लटकल्या. दुसऱ्यात नळ्या आतून पॉलिश कागदाने खरखरीत केल्या, तेव्हा शिरल्या, पण उलट्या वळून बाहेर आल्या. तिसऱ्यात उजेड फार झाला. प्रत्येक दार बाद झालं की ती उपडं घमेलं टाकून पेटीसमोर बसायची आणि वहीत माश्यांच्या चाली काढायची. खैरनारांना आधी हा वेळेचा अपव्यय वाटला. मग एक दिवस त्यांच्या लक्षात आलं की आपण वीस वर्षं माश्या मोजतोय, पण दारात माशी कशी थबकते हे आपण कधी पाहिलंच नाही. तेव्हापासून त्यांना या बाईबद्दल मनातून आदर होता, तोंडाने ते कबूल करत नसले तरी.

पाचव्या दारावर एक माशी मेलेल्या दुसरीला ओढत बाहेर आणत होती. पेटीत मेलेली माशी राहू द्यायची नाही, ही त्यांची रीत. पण वाट अरुंद, त्यामुळे ती ओझ्यासकट मध्येच अडकली आणि मागे सगळ्या तुंबल्या. साधनाने ठरवलं की आठ वाटांपैकी सात अरुंद आणि आठवी रुंद ठेवायची. खैरनारांनी कडाडून विरोध केला. आठही वाटा एकसारख्या हव्यात, शास्त्राला एकसारखेपणा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

"माश्यांना नाही लागत," साधना म्हणाली होती, आणि तिने आठवी वाट रुंदच ठेवली. वर त्या वाटेत एक हलकी पट्टी टांगली. मोकळी माशी तिच्याखालून निघून जाई, ओझं असलेलीच ती ढकलून जाई. पट्टी ढकलली की जुन्या टेपरेकॉर्डरमधून काढलेल्या काऊंटरचा आकडा एकाने पुढे सरके. रोज चार-पाच प्रेतं बाहेर जात. खैरनारांना त्या आकड्याचा काही उपयोग नव्हता, पण दर सोमवारी तो वहीत लिहायला ते विसरत नसत.

तोच आकडा साधना आता वाकून वाचत होती. सोमवारी सकाळी वहीत दोनशे बारा लिहिले होते. आता काऊंटरवर दोनशे सतरा होते.

"पाच," ती म्हणाली. "पेटीत दहा हजार मेल्या, आणि बाहेर काढल्या गेल्या पाच."

खैरनारांना क्षणभर काही समजलं नाही. मग तिने शांतपणे मांडलं. माश्या शेतातून विष घेऊन आल्या असत्या तर दिवसभर थोड्या थोड्या मेल्या असत्या, आणि उरलेल्यांनी त्यांना बाहेर काढलं असतं. या आठव्या वाटेवर रांग लागली असती. इथे एकीला दुसरीला उचलायला वेळच मिळालेला नाही. सगळ्या एकदम गेल्या, आणि पेटीच्या आतच.

"म्हणजे विष शेतात नव्हतं," खैरनार सावकाश म्हणाले. "कोणीतरी पेटीत घातलं."

३

पेट्यांजवळ जाऊ शकतील अशी माणसं मोजकीच. साधनाने सगळ्यांना भेटायचं ठरवलं. खैरनार तिच्यामागे निघाले, पण त्यांच्या मनातून नाना अजून उतरले नव्हते.

नाना विहिरीच्या कडेला बसले होते. साठीचा काटक माणूस, बाजारात त्यांचा झेंडू वजन न करता घेतात अशी ख्याती. त्यांनी खैरनारांकडे पाहिलंच नाही, जे काय ते साधनाशी बोलले. "पंपात ताक व्हतं, ताई. कोबीवर मारलं. पारावर हात वर करून बोललो व्हतो मी, इख कसं मारीन? डाक्टरला सकाळी बी हेच सांगितलं."

खैरनार छद्मी हसले. साधना हसली नाही. तिने पंप मागितला, तोटी उघडली आणि आतली बारीक जाळी काढून तळहातावर आपटली. पांढरे, रबरासारखे कण पडले. तिने ते चुरडून वास घेतला आणि हात खैरनारांच्या नाकापुढे धरला. वास आंबट होता. घरातून नानांच्या पत्नी भागुबाई पदर खोचत आल्या आणि त्यांनी आपणहून तक्रार सांगितली की दोन दिवसांचं मडकंभर ताक या माणसाने कोबीला पाजलं आणि घरच्यांनी भाकरी कोरडी खाल्ली. खैरनार म्हणाले की ताक मागाहूनही घालता येतं. भागुबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि खैरनारांना उगाच आपली चप्पल नीट करावीशी वाटली.

दुसरा संशय मंगळूवर होता. मंगळू सुरगाण्याकडच्या डोंगरातला, कड्यावरच्या पोळ्यांचा मध काढणाऱ्या घराण्यातला, आणि पेट्यांची निगा तोच ठेवायचा. रविवारी त्याचं आणि खैरनारांचं वाजलं होतं. पेटी उघडायच्या आधी माश्या शांत व्हाव्यात म्हणून भात्याच्या डब्यातून धूर देतात. मंगळू त्यात गोवरी जाळायचा. कधी गोवरी ओली, कधी सुकी, धूर कधी दाट, कधी पातळ. खैरनारांना हे खटकत होतं. यापुढे धूरही मोजून, एकसारखा द्यायचा, असं त्यांनी सांगितलं. मंगळू म्हणाला की माश्यांना या धुराची ओळख आहे. खैरनारांनी ओळख हा शब्द शास्त्रात बसत नाही असं ऐकवलं. सोमवारी पहाटे मंगळू न सांगता गावी निघून गेला होता.

तिसरा ज्ञानेश, खैरनारांचा सहायक. पेट्यांच्या कुलपांच्या किल्ल्या त्याच्याच कमरेला. त्याला मनमाडला रेल्वेत नोकरीचं पत्र येणार होतं आणि या बांधावरून कधी सुटतो असं त्याला झालं होतं. पेट्या गेल्या तर आपण सुटलो, असं तो चहाच्या टपरीवर थट्टेत बोलूनही गेला होता. आता त्याच थट्टेने त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

नाना आणि ज्ञानेशशी बोलून झाल्यावर साधना परत पेटीपाशी आली. कोणी का केलं याचा विचार आत्ता करायचा नाही, असं ती म्हणाली. आधी कधी झालं ते बघू. आणि ते दाराने लिहून ठेवलं असणार.

४

दाराच्या सात अरुंद वाटांत प्रत्येकी एक बारीक दिवा आणि त्याच्या समोर एक डोळा होता. माशी गेली की उजेड तुटे आणि तारेवाटे खबर बाजूच्या लाकडी खोक्यात पोचे. खोक्यात कागद गुंडाळलेला एक ढोल होता, घड्याळाच्या चावीवर आठवड्यात एक फेरा घेणारा. त्यावर दोन लेखण्या टेकलेल्या. तांबडी बाहेर जाणाऱ्यांची, निळी आत येणाऱ्यांची. पन्नास माश्या झाल्या की लेखणी एक पायरी चढे. चावी बसवली होती गोरक्षमामांनी. ते ओझरच्या विमानाच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते आणि आता साधनाच्या शेडमध्ये रमलेले. त्यांनी त्यात एक खोडही घातली होती. दर तासाला घड्याळ स्वतः कागदाच्या कडेला एक ठिपका उमटवी.

साधनाने कागद सोडवून बांधावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार ढेकळं ठेवली. सोमवारचा जिना स्वच्छ दिसत होता. तांबडी चढे, मागोमाग निळी चढे. मंगळवारी उजाडल्यावरही तसंच. जितक्या बाहेर गेल्या जवळजवळ तितक्याच परत आल्या. शेतात कोणी मरून पडलं नव्हतं.

मग साधारण साडेआठच्या जागी तांबडी रेघ आडवी झाली, आणि बाहेर गेलेल्या तेवढ्या परतल्यावर निळीही. पुढे मंगळवारचा सगळा दिवस आणि बुधवारची सकाळ, नुसत्या आडव्या.

खैरनारांना सुटल्यासारखं वाटलं. ते म्हणाले की हे यंत्र बंद पडलंय. साडेआठला आपण तपासणीसाठी पेटी उघडली, तेव्हा दार काढून बाजूला ठेवलं होतं, परत बसवताना तार सुटली असणार. साधनाने गवताची काडी घेतली आणि दाराच्या एका वाटेतून हळूच आरपार नेली. मग पुन्हा, आणि पुन्हा. पन्नासाव्या खेपेला खोक्यातली तांबडी लेखणी टकन एक पायरी चढली. नंतर तिने कागदाच्या कडेवर बोट ठेवलं. मंगळवारचे तासातासाचे ठिपके एकही न चुकता उमटलेले होते.

"यंत्र जागं होतं," ती म्हणाली. "माश्या गप्प झाल्या."

खैरनारांनी मंगळवारची सकाळ आठवली. सव्वाआठला त्यांनी आणि ज्ञानेशने पेट्या उघडायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. चौथी उघडलीच नाही, कारण तिथे राणी नवी होती आणि तिला त्रास द्यायचा नव्हता. सगळं वेळेवर, वहीत नोंदवून. माश्या इतक्या शहाण्यासारख्या बसल्या होत्या की ते ज्ञानेशला म्हणाले होते, बघ, पद्धतशीर केलं की कसं सोपं होतं. नऊ वाजता ते शहरातल्या ऑफिसात गेले आणि दिवसभर इकडे फिरकले नव्हते.

तीन पेट्या उघडल्या आणि त्या तीनच मेल्या. न उघडलेली जिवंत. साडेआठला नाना कोबीत होते आणि मंगळू सुरगाण्यात. पेटीपाशी दोनच माणसं होती. त्यातला एक ज्ञानेश, आणि दुसरे ते स्वतः.

"ज्ञानेशने का केलं असेल?" त्यांनी विचारलं.

साधनाने कागद गुंडाळला. उद्या दुपारी शेडमध्ये या, एवढंच ती म्हणाली. मंगळवारी जे जे सामान पेटीपाशी नेलं होतं ते सगळं आणा. काही धुऊ नका, काही पुसू नका, आणि भात्याचा डबा आहे तसा आणा. ज्ञानेशलाही घेऊन या.

५

गुरुवारी दुपारी खैरनार शेडमध्ये शिरले तेव्हा टेबलावर एक पुठ्ठ्याची पेटी उभी होती. मापाने अगदी बांधावरच्या पेटीएवढी, आत पातळ फळीच्या चौकटी. शेजारी काचेच्या पाच बरण्या, तोंडाला मलमल बांधलेली, आणि प्रत्येकीत दहा-दहा घरमाश्या भिरभिरत होत्या. मधमाश्यांवर प्रयोग नको, पुष्कळ मेल्या, म्हणून गोरक्षमामांनी सकाळपासून चौकातल्या रसवंतीवर गुळाचा खडा ठेवून त्या पकडल्या होत्या. रसवंतीवाला खूश होता.

दारात मंगळू उभा होता. साधनाने बुधवारी सुरगाण्याच्या एसटीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी दिली होती आणि तो पहिल्या गाडीने आला होता, काखोटीला पिशवी मारून. त्याने खैरनारांना नमस्कार केला. खैरनारांनी मान हलवली.

साधनाने सांगितलं की मंगळवारी जे केलं तेच, त्याच क्रमाने, त्याच हातांनी पुन्हा करा. एका वेळी एकच वस्तू. खैरनारांना मनातून ते आवडलं. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या, हा तर त्यांचाच धंदा. फक्त त्यांनी तो आपल्याच खोलीत, आपल्याच हातांवर कधी चालवला नव्हता.

पहिली बरणी पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवून त्यांनी हातमोजे घालून चौकटी हलवल्या. दहा मिनिटांनी माश्या ठणठणीत. दुसऱ्या बरणीला माश्या झटकायचा ब्रश. ठणठणीत. तिसरीला चौकट उचकटायची पट्टी. त्याही ठीक. चौथी बरणी आत गेली आणि साधनाने भात्याचा डबा त्यांच्या हातात दिला. डब्यात मंगळवारी गोवरीऐवजी जाळलेल्या गोणपाटाचा तुकडा होता. वहीतल्या नोंदीप्रमाणे पन्नास ग्रॅम, चार फुंकर. खैरनारांनी काडी ओढली, तुकडा धुमसू दिला आणि मोजून चार वेळा भाता दाबला.

माश्या आधी पिसाळल्यासारख्या फिरल्या. मग एक खाली आली. मग तीन. पाव तासात दहाही बरणीच्या तळाला उताण्या पडल्या होत्या आणि त्यांचे पाय थरथरत होते. बाहेर एक ट्रक रिव्हर्स घेत होता, त्याचा क्लीनर येऊ दे, येऊ दे म्हणत होता.

धुराने माश्या मरणारच, कुठल्याही धुराने मरतील, असं खैरनार म्हणाले. पण ते म्हणतानाच त्यांना कळत होतं की पाचवी बरणी कशासाठी आहे. गोरक्षमामांनी चौकटी बाहेर झटकून आणल्या आणि त्या पुठ्ठ्याच्या दुसऱ्या, कोऱ्या पेटीत बसवल्या. मंगळू पुढे आला. त्याने पिशवीतून गोवरीचा तुकडा काढला, आपल्या जुन्या डब्यात पेटवला आणि चार फुंकर दिल्या. पाव तास गेला. माश्या सुस्तावून काचेला चिकटल्या, इतकंच. साधनाने मलमल सोडली तेव्हा दहाच्या दहा उडाल्या आणि एक येऊन खैरनारांच्या चष्म्यावर बसली.

मंगळूने त्यांच्या हातातला डबा घेऊन हुंगला आणि लगेच तोंड फिरवलं. "हा धूर नाय साहेब. हे औषध हाय."

ज्ञानेश भिंतीला टेकून उभा होता. "सर, तुम्ही स्वच्छ गोणी आण म्हणालात. कांद्याच्या गोणीला टरफलं होती, खताच्या गोणीला खत. केंद्रातल्या बियाण्याच्या खोलीतली तेवढी कोरी करकरीत होती."

बियाण्याच्या खोलीतली. खैरनार स्टुलावर बसले. दरवर्षी दिवाळी झाली की त्या खोलीतल्या गोण्यांवर बीएचसीची पावडर मारतात, बियाण्याला कीड लागू नये म्हणून. त्या कामाच्या कागदावर दरवर्षी एकच सही असते, त्यांचीच. ज्या गोणीला किडामुंगी शिवत नाही ती कोरी करकरीत दिसणारच. एकसारखा, मोजलेला, वहीत लिहिता येणारा धूर हवा म्हणून त्यांनी सगळ्या केंद्रातली सगळ्यांत विषारी गोणी निवडून घेतली होती, आणि भाता त्यांच्याच हातात होता. त्यांना इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मग त्यांनी साधनाला विचारलं की तिला हे कधी कळलं.

"काल कागद पाहिला तेव्हा संशय आला. पण मला वाटलं होतं पट्टीला काहीतरी लागलं असेल. धुराचं मलाही आत्ताच कळलं." ती बरण्या गोळा करत होती. "आणि नुसता संशय सांगितला असता तर तुम्ही वाद घातला असता, डॉक्टर. म्हणून करून बघितलं."

वाद घातला असता, हे खरं होतं. ही बाई माश्यांशीही वाद घालत नाही आणि माणसांशीही. ती एक दार करते, बाद करते, पुन्हा करते, आणि शेवटी खरं काय ते समोर येऊन उभं राहतं. खैरनारांच्या मनात आलं की वीस वर्षांत आपल्याला शास्त्र शिकवायला कोणी आलं असेल तर ती ही.

मग दुसरा विचार आला, आणि तो चांगला नव्हता. उद्या पारावर इतकंच सांगता येईल की कारण कळलं नाही, नानांवरचा संशय मागे घेतो. शब्द टिकेल, काम टिकेल आणि आपली अब्रूही राहील. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही. पण साधनाने गुंडाळलेला कागद त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली की हा तुमचा. मी उद्या येईन, पण बोलणार नाही.

खैरनारांनी कागद उचलला. शेडच्या बाहेर पडताना ते मंगळूजवळ थांबले आणि त्याची गोवरी बरोबर होती, आपलं चुकलं, असं त्यांनी सांगितलं. मंगळू संकोचून हसला आणि चौथ्या पेटीतल्या राणीची चौकशी करू लागला.

६

शुक्रवारी संध्याकाळी पारावर दहा जण बसले होते. अकरावे नाना खाली, जमिनीवर, पाराला पाठ टेकून. वर ये म्हणून त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. रावजी मौलेंनी पंप भरून ठेवल्याचं सगळ्यांना माहीत होतं. बायका देवळाच्या ओट्यावर होत्या, त्यांत भागुबाई एकट्याच एका कडेला. साधना लिंबाखाली लुना लावून उभी राहिली.

खैरनारांनी कागद पारावर पसरला. बोलायचं त्यांनी घरी पाठ केलं होतं, ते सगळं विसरलं. मग त्यांनी तांबडी रेघ दाखवली, निळी दाखवली, साडेआठची जागा दाखवली, आणि त्या वेळी पेटीपाशी कोण होतं ते सांगितलं. गोणी कुठली, पावडर कसली, सही कोणाची, तेही सांगितलं. कुठेही ज्ञानेशचं नाव घेतलं नाही.

"माश्या मी मारल्या," ते म्हणाले. "नानांनी शब्द मोडला नाही. मी त्यांना तुमच्यासमोर खोटं ठरवलं, म्हणून तुमच्यासमोरच माफी मागतो."

कोणीतरी खाकरलं. रावजी उठून नानांच्या दिशेने सरकले आणि पारावर जागा करून देत हाताने वर यायची खूण केली. नाना उठले, पण वर चढले नाहीत. ते खैरनारांसमोर येऊन उभे राहिले. आपला शब्द हाय तसा हाय, बाकीच्यांनी आपापलं बघावं, असं ते आधी सगळ्यांना म्हणाले. दहाही जणांनी माना हलवल्या. रावजींनी सांगितलं की भरलेला पंप आपण घरी गेल्या गेल्या रिकामा करतो, लांब, खड्ड्यात. त्या एका क्षणात खैरनारांचं तीन वर्षांचं काम वाचलं होतं, पण त्यांना आनंद झाल्याचं जाणवलं नाही, कारण नाना अजून त्यांच्याकडे बघत होते.

"डाक्टर," नाना म्हणाले, "मी बोललो तवा तुम्ही ऐकलं नाय. कागद बोलला तवा ऐकलं."

खैरनारांनी मान खाली घातली.

नानांनी ओट्याकडे पाहिलं. भागुबाई तांब्या आणि पेला घेऊन खाली आल्या. येतानाच त्यांनी तो बरोबर आणला होता, म्हणजे आज काय ऐकायला मिळणार याची त्यांना खात्री असावी, किंवा काहीही ऐकायला मिळालं तरी हे करायचंच असं त्यांनी ठरवलं असावं. नानांनी पेला काठोकाठ भरला आणि खैरनारांच्या हातात दिला.

"पंपात हेच व्हतं. घ्या, तपासून घ्या. आन ती राहिलेली पेटी उद्या माझ्या बांधावर आणून ठेवा, तिथं झेंडू लय फुललाय."

लिंबाखाली साधनाने तोंड दुसरीकडे वळवलं. ताक चांगलंच आंबट होतं. खैरनारांनी सगळ्यांसमोर, उभ्यानेच, पेला रिकामा केला.